पालखीच्या वाटेने वायर

डिश माझ्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात उभी, आणि चित्र मात्र माझ्याच घरात नव्हतं. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

पूर्णगडच्या खाडीला लागून आमची वाडी. साध्या अँटेनाला आमच्याकडे काहीच सापडत नसे. पाच घरांत टीव्ही होते आणि पाचही मुके. माझ्याकडचा माझ्या नवऱ्याने आणलेला. तो जहाजावर इंजिनात कामाला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. टीव्हीवर मी भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता, त्यापलीकडे त्याचा काही उपयोग नव्हता. मग शहाऐंशीच्या गणपतीत वाडीतल्या चाकरमान्यांच्या मुंबईच्या मंडळाने जाळीची भलीमोठी डिश आणि रिसिव्हरचा डबा पाठवला. आता उपग्रहावरून थेट दिल्ली दिसणार, असं सगळे सांगत सुटले.

डिशला वर मोकळं आभाळ लागतं. भागोजीदादा हे वाडीतले थोरले आणि देवीच्या पालखीचे पहिले मानकरी. पण त्यांच्या खळ्यावर हापूसच्या कलमांचं छप्पर. बाकीच्यांकडे माडांची गर्दी. माझा दारातला माड वादळात पडलेला, म्हणून आभाळ तेवढं एकट्या माझ्याकडे होतं. दुसऱ्याच दिवशी पुरुषांनी येऊन माझ्या सारवलेल्या खळ्यात खड्डा खणला आणि खांब रोवला. तेव्हा माझा मान कितवा, हे कुणीच काढलं नाही.

रत्नागिरीहून शिवा नावाचा मेकॅनिक आला. रिसिव्हर डिशच्या जवळच्या घरात, म्हणजे माझ्याकडे ठेवा, आणि तिथून प्रत्येक घराला वेगळी वायर न्या, असं त्याने स्पष्ट सांगितलं. एका घरातून दुसऱ्या घरात ओढत नेलीत तर प्रत्येक टीव्ही आपला वाटा काढून घेणार आणि शेवटच्याला उरलंसुरलं मिळणार.

भागोजीदादांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिमग्यात पालखी कशी जाते?"

झालं. पालखी आधी भागोजीदादांकडे, मग खाडीकाठी रावजींकडे, मग पुन्हा वर देवळाशेजारच्या घरी, मग खाली वाडीच्या टोकाला, आणि शेवटी आमच्याकडे. आमच्या सासऱ्यांचे आजोबा बाहेरून येऊन वसलेले, म्हणून आमचं घर कायमचं शेवटचं. पालखी खांद्यावर नाचवत नेतात, तिला चढउतार चालतो. पण वायरने काय पाप केलं होतं? शिवाने कपाळावर हात मारला, आणि त्याला शेवटची एसटी गाठायची होती म्हणून सांगितलं तसं करून दिलं.

वायर माझ्या खळ्यातून निघाली ती वर भागोजीदादांकडे ठेवलेल्या रिसिव्हरला. तिथून माझ्याच कौलांवरून खाली रावजींकडे. तिथून पुन्हा माझ्याच कौलांवरून वर. अशी वाडीभर फिरून, दमून भागून ती माझ्या घरात शिरली, तेव्हा तिच्यात काही राहिलं नव्हतं. भागोजीदादांकडे बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या कुड्या दिसायच्या. माझ्याकडे नुसत्या मुंग्या.

तरी मी मूग गिळून गप्प बसले. बातम्यांवाचून माझं काही अडत नव्हतं. पण डिसेंबरात माझी मैना घरी आली ती नाचतच. ती रत्नागिरीला कॉलेजात, एनसीसीत होती. तिची दिल्लीच्या परेडसाठी निवड झाली होती. सव्वीस जानेवारीला माझी मुलगी राजपथावर चालणार आणि ते सगळा देश बघणार. निघताना एसटीच्या खिडकीतून तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं, "आई, मी पहिल्या रांगेत कडेला असणार. टीव्हीत नीट बघ हां."

मी त्याच संध्याकाळी भागोजीदादांकडे गेले. जन्मात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. एका दिवसापुरती वायर सरळ माझ्याकडे द्या, दुसऱ्या दिवशी होती तशी करून घ्या, असं हात जोडून म्हटलं.

ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "एका दिवसासाठी मान मोडत नाय, मैनाच्ये आये. आमच्याकडं ये आणि बस. आमी काय परके हाव?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीला बघायचं होतं, म्हणून गिळलं. आज वाटतं, उगाच गिळलं.

सव्वीसला सकाळी आधी घरचाच टीव्ही लावून पाहिला. मुंग्या. मुंग्यांच्या आतून बँड वाजत होता. मी नवं पातळ नेसले आणि भागोजीदादांकडे गेले. ओटीवर टीव्ही, पुढे चटईवर सगळे पुरुष, आणि आम्ही बायका माजघराच्या उंबऱ्याच्या आत. तिथून चित्र लांबच वाटत होतं, पण स्वच्छ होतं. रणगाडे गेले, उंट गेले. मी पापणी लवू देत नव्हते.

आणि मुली आल्या. पांढरे हातमोजे एकदम वर, एकदम खाली. पहिल्या रांगेकडे कॅमेरा वळत होता तोच रावजी ओरडले, "आपली मैना! ती बघा, कडंला!"

सगळे पुरुष उठले. एकसाथ. कुणी गुडघ्यावर, कुणी उभा, भागोजीदादा तर टीव्हीला नाक लावून. आपली मैना, आपली मैना, असा नुसता गलका. माझ्यासमोर पाठी होत्या. सदरे, बंड्या, घामाने भिजलेल्या पाठी. मी उंबऱ्यावर चढले, टाचा उंचावल्या, "सरा हो जरा" म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. ते खाली बसले तेव्हा पडद्यावर शाळेची मुलं नाचत होती.

भागोजीदादा मागे वळले. डोळे भरून आले होते त्यांचे, ते खोटं नव्हतं. म्हणाले, "बगितलंस ना? वाडीचं नाव काढलान पोरीनं."

मी तशीच निघाले. घरी आले, पातळ बदललं, पदर खोचला. नवरा जहाजावर इंजिनात, घरात पान्यांना तोटा नाही. डिशचे नट शिवाने आवळून ठेवले होते आणि बोटभर हलली तरी चित्र जाईल, असं बजावलं होतं. मी बोटभर हलवली नाही. नट सोडले, दोन्ही हातांनी धरली आणि तिचं तोंड सरळ खाडीकडे केलं. मग पायरीवर बसून तांदूळ निवडू लागले.

पाचव्या घरापर्यंत चित्र कधी पोचलं नव्हतं, पण बाकीच्या चारांतून जायला वेळ लागला नाही. सगळी मानकरी मंडळी मानाचा क्रम विसरून एकदम माझ्या खळ्यात आली. भागोजीदादांचा आवाज चढला होता. कुणी फिरवली, म्हणून विचारू लागले.

मी म्हटलं, "मी फिरवली. माझ्या पोरीला सगळ्या वाडीनं बगितलान, मी तुमच्या पाठी बगितल्या. आता डिश तुमच्या खळ्यात न्या. फक्त वरची कलमं तेवढी तोडा, म्हंजे आभाळ मिळंल."

जानेवारी होता. कलमं मोहराने लदबदलेली. भागोजीदादा एकदा मोहराकडे, एकदा डिशकडे बघत राहिले. रावजी मध्ये पडले, वैनी, असं नका करू म्हणाले. हीच वैनी सकाळी उंबऱ्यावर टाचा उंचावून उभी होती, तेव्हा दिसली नव्हती त्यांना.

शिवा पुन्हा आला. रिसिव्हर माझ्या ओटीवर आला आणि पाच घरांना पाच वायरी गेल्या. सगळ्यांकडे चित्र सुधारलं. रावजी आता चारचौघांत सांगतात की आपलं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं.

मैना आली ती बॅग खाली ठेवायच्या आधी विचारत आली, "आई, बघितलंस ना मला?" खोटं बोलायचं असं एसटीच्या थांब्यावर ठरवून ठेवलं होतं. जीभ वळली नाही. खरं सांगितलं. ती हसली, म्हणाली, जाऊ दे गो. रात्री जेवणं झाल्यावर तिने मला खळ्यात चालून दाखवलं, डिशला वळसा घालून.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी पहाटेच आंघोळ करून टीव्हीसमोर बसले. आरशासारखं चित्र. मुली आल्या. पहिल्या रांगेतल्या कडेच्या मुलीच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. कुणाची होती, कुणास ठाऊक.