गिटारची नवी घोडी

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम केलं, आणि त्या चौदा वर्षांत माझा डावा हात नेमकं काय करतो याचा कधी विचारही केला नव्हता. उजवा कोरायचा, घासायचा, पॉलिश करायचा. डावा नुसता धरायचा. कौतुक सगळं उजव्याचं. मग एका सकाळी ओल्या फरशीवरून पाय सटकला आणि डावा हात मनगटापर्यंत कपाटाच्या काचेत गेला. दोन बोटं वाकवणाऱ्या, तुटलेल्या कंडरा डॉक्टरांनी जोडल्या. तेव्हा कळलं की धरणं हे निम्मं काम असतं.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो दाबून दाबून मला चेंडूचाच राग यायला लागला. त्या म्हणाल्या, "मग बोटांना गोडी लागेल असं काहीतरी शोधा." मी घरी सहज बोलून गेले की कॉलेजात असताना गिटार शिकायची फार हौस होती. नवऱ्याने ते वाक्य वरच्यावर झेललं. पंधरा दिवसांत दारात लांबुडकं खोकं हजर. परदेशातून आलेली लालभडक इलेक्ट्रिक गिटार, सोबत पट्टा, वायर, बुटाच्या खोक्याएवढा स्पीकर आणि घरात कुणालाच वाचता न येणारं माहितीपत्रक.

"स्वस्तात मिळाली," नवरा म्हणाला. "नाहीच जमलं तर भिंतीला शोभा."

मी रोज दुपारी तासभर बसायचे. मोबाइलवरच्या ट्यूनरने सहाही तारा लावून घ्यायचे, काटा मधोमध यायचा, हिरवा दिवा लागायचा. मग चार कॉर्ड्स वाजवल्या की पाचवी आंबट. सुरुवातीला हसायला यायचं. पण बोटं चुकत नव्हती, पाठ झाली होती. तरी गाणं कुठेतरी कुजकं लागायचं. ऑनलाइन शिकवणारे सर ऐकून म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा हात तार नको तितकी दाबतोय. सूर चढतो. हात तयार व्हायला वेळ लागेल."

हे मला पटलं. पटणारच, कारण त्या हाताचं सगळंच मला पटायचं. कप निसटला तर हाताची चूक, बटण लागलं नाही तर हाताची चूक. लॅबच्या मालकीणबाई दर महिन्याला फोन करून विचारायच्या, "केव्हा येतेस?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही हो." आठ महिने असे गेले. एके दिवशी एक साधी चाल पाचव्यांदा बिघडली आणि मी गिटार पलंगावर टाकून ढसाढसा रडले. घरात कुणी नाही असं समजून.

सासरे घरातच होते.

त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते तराजू दुरुस्त करायचे. भाजीवाल्याचे नव्हेत, औषधांच्या दुकानातले, सराफांचे, प्रयोगशाळेतले, काचेच्या पेटीत बसणारे नाजूक काटे. पाच वर्षांपूर्वी "डोळे दमले" म्हणून त्यांनी काम बंद केलं होतं. आमच्यात कधी भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, पंखा बंद करू का. एवढ्यात आमचा दिवस संपायचा. त्यामुळे ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी घाईघाईने डोळे पुसले आणि म्हणाले, "आवाजाचा त्रास झाला का, बाबा?"

"त्रास नाही. एक विचारायचं होतं. हा जो दांडा आहे, तो कशासाठी?"

गिटारच्या पोटाजवळ एक वाकडी लोखंडी दांडी असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर खाली झुकतो, सोडली की परत वर येतो. मी मजेखातर ती सारखी वापरायचे. त्यांना करून दाखवलं.

"आता डावा हात मांडीवर ठेव," ते म्हणाले. "अजिबात लावू नकोस. एक तार मोकळी छेड आणि मोबाइलचा काटा दाखव."

काटा मधोमध. हिरवा दिवा.

"दांडी दाब. सोड. पुन्हा तीच तार छेड."

काटा डावीकडे कलंडला होता.

"पुन्हा."

या वेळी उजवीकडे. तिसऱ्यांदा आणखी कुठेतरी. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काटा शून्यावर परत येत नाही," ते म्हणाले. "आता मला सांग, यात तुझा डावा हात आला कुठे?"

मी मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. आठ महिने ज्याला मी बोल लावत होते, तो बिचारा मुकाट्याने पडून होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून गिटारचं ऑपरेशन सुरू झालं. मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, आत तीन स्प्रिंगा. तारा ज्यावरून जातात त्या ब्रिजला सासरे पहिल्यापासून 'घोडी' म्हणत होते. सतारीला घोडी असते तर हिलाही घोडीच, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी भिंग लावून घोडी उलटसुलट पाहिली.

"तराजूचा दांडा एका धारेवर टेकलेला असतो," ते म्हणाले. "धार बोथट झाली की काटा दर वेळी वेगळं सांगतो. ही घोडीही तशीच, या सहा स्क्रूंवर डोलते. बघ, पत्रा मऊ आहे, स्क्रूंनी त्यात खाचा पाडल्यात. आणि हे तारेखालचे छोटे ठोकळे, यांचे आटे झिजलेत. वाजवताना खाली बसतात, म्हणून तुझी कॉर्ड आंबते. कुणीही वाजवली तरी आंबेल."

नवरा म्हणाला, "मग दुसरी गिटार घेऊ या?"

"लाकूड चांगलं आहे, मानही सरळ आहे," सासरे म्हणाले. "एक दात किडला म्हणून कुणी जबडा बदलतं का? विचार तुझ्या बायकोला."

त्यांनी माझ्यासाठी केलेला हा पहिला विनोद. मी आपली हसतच सुटले.

नवी घोडी मागवायचं ठरलं. सासरे म्हणाले, आधी मापं घेतो. पण नवऱ्याला धीर कुठला! ब्रिज म्हणजे ब्रिज, असं म्हणत त्याने त्याच रात्री ऑनलाइन सगळ्यात जास्त स्टार मिळालेली घोडी मागवून टाकली. ती आली, दिसायलाही देखणी होती; पण तिच्या खालचा, स्प्रिंगा अडकवायचा लोखंडी ठोकळा इतका लांब की आमच्या सडपातळ गिटारच्या पाठीतून पुढाऱ्याच्या पोटासारखा बाहेर आला. नवऱ्याने ती परत पाठवायच्या खोक्यात घातली.

मग सासऱ्यांनी कपाटातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. मखमली डबीतला. मापं ते सांगत गेले, मी लिहीत गेले. या खेपेला आखूड ठोकळ्याची, अस्सल पोलादी घोडी मागवली. ती चपखल बसली, फक्त लाकडातली सहा भोकं तिच्या भोकांशी जुळेनात. कडेची दोन तर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने हुकत होती.

"अर्धा मिलिमीटर चालेल की," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो चहा टाकायला गेला.

उपाय सोपा होता: जुन्या भोकांत कठीण लाकडाच्या बारीक खुंट्या गोंद लावून ठोकायच्या आणि नवी भोकं पाडायची. खुंट्या काडेपेटीतल्या काडीपेक्षा किंचित जाड, एकसारख्या गोल. सासऱ्यांनी लाकडाची पट्टी आणि धारदार सुरी माझ्यासमोर सरकवली.

"मी?" मी म्हणाले. "बाबा, तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

त्यांनी उजवा हात टेबलावर उचलून धरला. बोटं थरथरत होती. फार नाही, पण थांबतही नव्हती.

"डोळे ठीक आहेत माझे," ते म्हणाले. "दमले ते हे. पाच वर्षं झाली. डोळ्यांचं सांगितलं की लोक पुढे विचारत नाहीत."

ते रोज सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, आणि मी समजत होते की त्यांना थंडी वाजते. एका घरात आम्ही दोघं आपापले हात लपवत वावरत होतो.

मी सुरी उचलली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात पट्टीतून चिरलेली काडी धरायची होती, नेमकं तेच जे मला येईनासं झालं होतं. पहिली काडी निसटून कपाटाखाली गेली. दुसरी दाबून मोडली. तिसरी अर्धी कोरून झाली आणि घसरली. मी सुरी खाली ठेवली.

"कवळीचा दात कसा धरायचीस?" त्यांनी विचारलं.

"असा, आडवा. करंगळी टेबलावर टेकवून."

"मग ही तशी का धरत नाहीस?"

खरंच की! मी ती काडी चेंडूसारखी आवळत होते. करंगळी टेकवली, मनगट सैल सोडलं, आणि बोटांना आपलं जुनं घर सापडल्यासारखं झालं. सुरी फिरायला लागली. सासरे भिंगातून बघत नुसतं सांगत होते, "इकडे थोडं. बास. आता उलटी." तासाभरात एक खुंटी झाली. मग दुसरी. सहावी संपली तेव्हा पाठ मोडली होती आणि आणलेला चहा साय धरून गार पडला होता. त्यांनी व्हर्निअरमध्ये सहाही खुंट्या एकेक करून बघितल्या आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या धंद्यात चूक असली तरच बोलायचं असतं.

गोंद वाळायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुणा ठरवल्या, भोकं मी पाडली, स्क्रू मी पिळले, स्प्रिंगा नवऱ्याने ताणून अडकवल्या आणि एक बोट चेमटून घेतलं. नव्या तारा चढल्या. मग तारेखालचा प्रत्येक छोटा ठोकळा किंचित पुढे, किंचित मागे करत बसलो. मोकळी तार आणि तीच तार मानेवरच्या मधल्या पट्टीवर दाबलेली, दोन्ही एकच सूर, एक सप्तक वरखाली, बोलेपर्यंत. यात दुपार गेली.

"दांडी दाब," सासरे म्हणाले.

मी दाबली, सोडली, तार छेडली. काटा थेट मधोमध. दहा वेळा केलं, दहाही वेळा तिथेच. मग मी ती साधी चाल वाजवली. चारही कॉर्ड्स, पाचवी, पुन्हा पहिलीपासून. बोटं अजून हळू होती, एकदा अडखळलेही. पण सूर स्वच्छ होता, आणि शेवटची कॉर्ड पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ खोलीत रेंगाळली. पोलादाचा गुण, सासरे म्हणाले. नवरा दारात उभा होता, बोटाला बर्फ लावून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बोटामुळे, असं त्याचं आजही म्हणणं आहे.

पुढच्या सोमवारी मीच मालकीणबाईंना फोन केला. पहिल्या दिवशी त्यांनी मला सोप्यातली सोपी कवळी दिली, आणि ती पुरी करायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. त्या म्हणाल्या, "लागू दे. तू आलीस ना." मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन दोन मिनिटं थांबले, आणि नळाखाली डाव्या हाताला म्हटलं, चुकलं माझं. आता हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण म्हटलं खरं.

घरी आले तेव्हा सासरे खिडकीत पेपर वाचत बसले होते. दिवसभर मनात जुळवलेलं सगळं बोलायचं होतं. की तुम्ही गिटार दुरुस्त केलीत असं लोकांना वाटेल, पण मला ठाऊक आहे काय दुरुस्त झालं. की सगळे मला धीर धर म्हणत होते, तुम्ही एकट्यानेच येऊन नीट बघितलंत. की स्वतःच्या हाताचं तुम्ही मला सांगितलंत, ते मी विसरणार नाही. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं:

"बाबा, तुमचे फार उपकार झाले हो."

त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. कान लाल झाले होते.

"बाथरूमची कडी कुरकुरते गं," ते म्हणाले. "कुणी लक्षच देत नाही." आणि तेलाची बाटली शोधायला उठून गेले. मीही त्यांच्यामागे गेले, कारण कडीचा स्क्रू धरायला कुणीतरी लागणारच होतं.