जाळावरचा पंजा

मी पिंप बोलतोय. लोखंडाचं, निळ्या रंगाचं, माणसाच्या कमरेएवढं. नाक मुरडू नका, माझ्या पोटात फुलांचं तेल होतं.

माझ्या जन्माच्या वेळी काही भावंडांना मुद्दाम उंचावरून आपटून पाहिलं. ती गळली नाहीत, म्हणून आम्हा सगळ्यांवर शिक्का उठला: धोक्याचा माल न्यायला लायक. माणसांत अशी पद्धत नसावी, निदान मला तरी दिसली नाही.

मला विकत घेतलं हाज्जा निअमतनं. हज करून आलेल्या बाईला तिकडे हाज्जा म्हणतात. नाईलकाठच्या गावात ती नारिंगाच्या फुलांचं तेल काढते. तोवर ते तेल कैरोचे व्यापारी स्वतःच्या नावानं फ्रान्सला पाठवायचे. त्या वर्षी एका फ्रेंच अत्तरवाल्यानं प्रथमच तिच्या नावानं माल मागवला. अट एकच, ठरलेल्या जहाजानं यायला हवा. नाहीतर त्याला कैरोवाले होतेच.

असला माल जहाजावर चढवून देण्याचं काम अलेक्झांड्रियाचा वदीअ करतो. त्यानं येऊन माझ्या पोटावर लाल लेबल चिकटवलं. त्यावर जाळाचं चित्र.

"हे काय रे?" हाज्जा कडाडली. "माझ्या फुलांना आग लावतोस?"

"फुलांना नाही हाज्जा, तेलाला. ठिणगी पडली की भडकतं ते. समुद्रावर आधीच सांगितलेलं बरं."

"भट्टीपाशी जन्म गेला माझा. ओढणीची कड जळली नाही कधी!"

"देवाची कृपा. पण कप्तान तुमच्या ओढणीवर विश्वास ठेवायचा नाही."

तो गेला आणि हाज्जानं मेंढा कापवला. नव्या गाडीला, नव्या यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून तिथले लोक रक्ताचा पंजा उमटवतात, तसा तिनं माझ्यावर उमटवला. नेमका त्या जाळावर. अपशकुनही झाकला, दृष्टही टळली, असा तिचा हिशेब. मांस शेजारीपाजारी वाटलं.

बंदराबाहेरच्या गोदामात पोचेपर्यंत रक्त वाळून तपकिरी झालं होतं. जहाज कंपनीचा तपासनीस फिक्री मला पाहून मागे सरला.

"पिंप गळतंय."

"गळत नाही हो, मेंढा आहे तो," वदीअ म्हणाला.

"तेल म्हणून लिहून दिलंत, आता मेंढा म्हणताय?"

"पंजा आहे, साहेब. तुमच्या गाडीवर नाही का?"

"माझी गाडी जहाजावर चढत नाही. डाग काढा, नवं लेबल लावा. उद्या दुपारच्या अजानपर्यंत थांबेन, मग राहिला माल इथंच."

वदीअनं फडकं ओलं केलं, हातात धरलं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्याची राखण आपण पुसू नये, हे त्यालाही ठाऊक होतं. उद्या समुद्रात काही झालं असतं तर खापर त्याच्याच डोक्यावर. त्यानं हाज्जाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत आली. "माझ्याच हातानं पुसायला लावतोस?"

"नका पुसू. पंजा राहील पिंपावर, आणि तेल पुन्हा कैरोवाल्याच्या नावावर जाईल. बघा बुवा."

ती माझ्याजवळ आली. मग फडकं उचललं. पुसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, लोखंडाला वाटू शकतं तेवढं.

जुनं लेबल सोलून काढल्यावर वदीअनं नवं तिच्याच हाती दिलं. "हे तुम्हीच लावा, हाज्जा."

तिनं अल्लाचं नाव घेऊन जाळ माझ्या पोटावर टेकवला. पाची बोटं फाकवून त्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला. हात काही निघेना.

"आता काय चाललंय?" फिक्रीनं विचारलं.

"चिकटवतेय. वाटेत सुटलं म्हणजे?"

फिक्रीनं वदीअकडे पाहिलं, मग छताकडे. तिचा हात खाली येईपर्यंत तो छतच तपासत राहिला. मग त्यानं सही केली.

आता मी फ्रान्समध्ये एका अत्तरवाल्याच्या शेडमागे रिकामा उभा आहे. लेबल अजून आहे, कारण पोटातला नुसता वासही पेट घेऊ शकतो म्हणे. यंदा शेजारी तीन नवी पिंपं आली. तिन्हींवर हाज्जाचं नाव आहे आणि जाळही.

मला धुऊन भंगारात द्याल, त्याला माझी ना नाही. लेबल मात्र खरवडताना जरा हलक्या हातानं खरवडा. तिथं आधीच एक हात आहे.