पाचशे बाराची ओळ

मित्रांनो, मी सहा ओळींची एक जुनी सेटिंगची फाईल आहे. मला चित्र नाही, रंग नाही. पण नकाशे काढणारा जावाचा प्रोग्राम आधी मला वाचतो, मगच डोळे उघडतो. माझी तिसरी ओळ त्याला सांगते, 'बाबा रे, मेमरी घे, पण इतकीच.'

मला लिहिणाऱ्यानं तिथं पाचशे बारा एमबी लिहिले. तेव्हा संगणक लहान, नकाशेही लहान. पाणीखात्यातल्या ताईंनी त्यावर गल्ल्या काढल्या, नळ जोडले. लोक प्रोग्रामची वाहवा करत. माझी कुणी नाही. जेवणात मिठाला कोण वाखाणतो?

वर्षं गेली. वस्ती वाढली, नकाशा वाढला, संगणक आठ जीबी मेमरीचा आला. माझं आपलं तेच पाचशे बारा. मला कुणी उघडलंच नाही.

एका सकाळी मुकादमांचा फोन आला. "ताई, रुग्णालयाच्या फाटकापाशी उभा आहे. गटारासाठी खणायचंय. मोठा पाइप कुठून गेलाय?"

ताईंनी नकाशा उघडला. अर्ध्यावर येऊन प्रोग्राम कोसळला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मेमरी संपली, एवढाच निरोप. तिकडे पाइप फुटला असता तर आजाऱ्यांच्या तोंडचं पाणी गेलं असतं.

"मेमरीची ओळ बघ गं," शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले.

ताईंनी मला शोधून काढलं. "आहे तेवढी सगळी देऊन टाकते," म्हणत आठ जीबी लिहिले. झालं! सगळं एकाच्याच ताटात वाढलं, बाकीचे उपाशी. नकाशा उघडता उघडता माऊससुद्धा हलेना. संगणक बंद करून परत चालू करावा लागला.

फोन पुन्हा वाजला. "मशीनवाला घाई करतोय. अंदाजानं खणू का?"

"अंदाज खिशात ठेवा. लेखी पाठवते," म्हणत ताईंनी संगणकावरून मराठीत निरोप धाडला, 'मी सांगेपर्यंत खणू नका.' मग मला उघडून आठाच्या जागी चार केला. आता प्रोग्राम सुरूच होईना.

"अर्ध्यापर्यंत तरी येत होता. आता दारच उघडत नाही, काका."

काका चष्मा सावरत वाकले. "अगं, चारचा आकडा मराठीत लिहिलास. निरोप लिहून कीबोर्ड तसाच ठेवलास ना? हा प्रोग्राम आपल्या शाळेत कुठे शिकलाय?"

ताईंना हसू फुटलं. त्यांनी कीबोर्ड बदलला, इंग्रजी चार लिहिला, मला जतन केलं.

प्रोग्राम उठला. त्यानं माझी ओळ वाचली. गल्लीमागून गल्ली आली, नळामागून नळ आला, आणि फाटकापाशी एक जाड निळी रेघ उमटली.

"डाव्या खांबापासून दोन मीटर," ताई फोनवर म्हणाल्या. "तिथं मशीन नको. फावड्यानं खणा."

काही वेळानं मुकादमांचा आवाज आला. "सापडला, ताई. धक्काही लागला नाही."

मित्रांनो, आज माझी तिसरी ओळ चार जीबीची आहे आणि कामाला पुरून उरते. तुमच्याही संगणकात माझी एखादी बहीण असेल. काम वाढलं की तिला उघडून बघा, अडेपर्यंत थांबू नका. वाढवाल तेव्हा इतरांचा वाटा राखा. आणि लिहिलेला आकडा एकदा नीट वाचा. आम्ही लिहिलेलंच खरं मानतो. तुमच्या मनातलं आम्हाला वाचता येत नाही.