त्या दिवशी मी का तुंबले

मी बारा मीटर लांबीची एक नळी बोलतेय. आतून इतकी अरुंद, की तांदळाचा दाणा आडवा शिरणार नाही. थायलंडमधल्या हाट याइ शहराच्या कॉलेजात नरुमोन नावाच्या विद्यार्थिनीनं मला एका डब्याभोवती गुंडाळून गरम पाण्यात बसवलं, तो माझा जन्म.

माझ्या एका टोकाला दोन तोंडं. एकातून कोंबडी तळून उरलेलं तेल यायचं, दुसऱ्यातून कॉस्टिक सोडा घातलेलं मिथेनॉल. ही दोघं सहजासहजी मिसळत नाहीत. मोठ्या टाकीत पातं फिरवून तासभर घुसळावं लागतं. माझ्यात मात्र त्यांचे मणी व्हायचे, एक तेलाचा, एक मिथेनॉलचा. चालता चालता प्रत्येक मणी आतल्या आत फिरायचा, शेजाऱ्याला टेकायचा आणि त्या टेकण्यातूनच देवाणघेवाण व्हायची. पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाला बोटीचं इंधन! असे हजारो शेजार मी जुळवले. मला स्वतःला शेजार नव्हता.

"काय गं, तेलाला सलाईन लावलीस?" तिचे सर हसायचे.

"हसा, सर. तुमची टाकी बंदराच्या धक्क्यावर नेता येईल? ही पिशवीत मावते. कोळी आपलं इंधन आपणच करतील."

नववर्षाच्या सुट्टीनंतर मला तपासायला समिती येणार होती. मी पास झाले तर धक्क्यावर, नाहीतर कपाटात.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी नववर्षाच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांच्या हातांवर जाईच्या फुलांचं पाणी घातलं, आशीर्वाद घेतले आणि घरी गेले. प्रयोगशाळा सांभाळणारे बुनलुअ काका मागे राहिले. उरलेलं पाणी ते यंत्रांवर शिंपडत आले.

"घे गं पोरी, तुझंही नवं वर्ष. वर्षभर राबलीस. नरुमोनची लाज राख हं."

मला आजवर कोणी पोरी म्हटलं नव्हतं. मी इतकी हरखले, की तेलाच्या तपकिरी बाटलीचं झाकण उघडं आहे हे माझ्याही उशिराच लक्षात आलं. पाणी आत गेलं आणि तळाशी बसलं. तेल ओढलं जायचं तेही तळातूनच.

समितीसमोर पंप सुरू झाला. तेलाआधी पाणी आलं. पाणी, सोडा, तेल! माझ्या घशात साबण झाला. पंप कण्हला, जोड निखळला आणि सरांच्या पांढऱ्या शर्टावर तेल उडालं.

"तरी सांगत होतो, खेळणं आहे हे!"

"सुट्टीआधी पंचवीस वेळा चाललीय, सर. पंचवीस!"

कोणी ऐकलं नाही. अरे, एकदा ती बाटली तरी उलटी करून बघा! पंचवीस खेपा पुसून टाकायला तुम्हाला एक सकाळ पुरते?

आता नरुमोन सरांच्या टाकीवर काम करते. मी कपाटात आहे, पोटात कडक साबण घेऊन. फक्त काका येतात, धूळ पुसतात. "माझ्या आशीर्वादातच काही कमी पडलं का गं?" असं विचारतात.

वाचकांनो, नरुमोनला गाठा. म्हणावं, बाटलीत पाणी होतं. हिला धुऊन काढ, पुन्हा चालव, धक्क्यावर ने. पण पाणी कोणी घातलं असं तिनं विचारलं, तर माझ्यासाठी एवढं करा. सांगा, माहीत नाही.