लेवबाबांनी थांबवलेली वरात

थोरल्या पोराच्या, बुद्धघोषच्या लग्नाला रशियातून पाहुणा येणार हे फोनवर ऐकलं, आणि लोहारा गावच्या मालनबाईंची भाकरी तव्यावरच करपली.

"काय खातो गं तो?"

"सगळं खातात, मम्मी," श्रावस्ती म्हणाली. ती रशियात कझानला डॉक्टरकी शिकत होती आणि या पाहुण्याच्या, लेव मिरोनोविचच्याच घरात भाड्यानं राहत होती. "पण साधासुधा माणूस न्हाय बरं का. पिच्चरला संगीत देतात."

मग तिनं त्यांची सगळी कहाणी सांगितली. लहानपणी ते कारखान्याच्या क्लबात पियानो बडवायचे. पोरवयातच एका दिग्दर्शकानं हेरलं. रेल्वेच्या ड्रायव्हरवर सिनेमा होता, त्याची चाल गावोगावी लोकांच्या शिट्टीवर चढली. मग पिच्चरमागून पिच्चर. पुढं देशच फुटला, स्टुडिओला टाळं लागलं, तेव्हा साबणाच्या जाहिराती आणि कार्टूनमधली अस्वलं यांच्यावर पोट भरलं. पुन्हा बरे दिवस आले, मोठाली बक्षिसं आली. आणि बायको वेरा गेली. त्या दिवशी पियानोचं झाकण पडलं ते पडलंच. नव्या सिनेमाचा दिग्दर्शक फोन करून थकला, पण हे उचलायचेच नाहीत.

"घेऊन ये त्यांला," मालनबाई म्हणाल्या. "एकट्या माणसाला घर खायला उठतं."

लेवबाबा आले, ठेचा खाऊन लालबुंद झाले आणि अजून मागितला. श्रावस्तीनं 'जयभीम' शिकवला, तर पाहुण्यांना, वाण्याला, दारातल्या म्हशीलासुद्धा वाकून "जय्यभीम!" मालनबाईंची हसून हसून पुरेवाट झाली.

लग्नादिवशी गुंडप्पाच्या बँडनं असा दणका उडवला की रस्ता तुंबला. मागून उमरग्याची एसटी भोंगा मारू लागली, पुढून जीप किंचाळू लागली. गुंडप्पा चिडून आणखी जोरात वाजवू लागला. अन् मधेच लेवबाबांनी दोन्ही हात वर केले. बँड गप्प. मालनबाई धरायला पुढं धावल्या. म्हातारा चक्कर येऊन पडतो की काय!

म्हातारा तडक एसटीच्या खिडकीशी गेला आणि रशियनमध्ये भडाभडा बोलू लागला. श्रावस्ती धावत मागोमाग.

"ड्रायव्हरदादा, ते म्हणतात, तुम्ही उशिरा येताय."

"उशिरा?" ड्रायव्हर भडकला. "बाई, गाडी एकदम टायमावर हाय! तुमच्याच वरातीनं अडवलीय!"

"गाडी न्हाय हो, भोंगा! भोंगा उशिरा येतोय. ढोलाच्या ठोक्यावर मारा म्हणतात."

ड्रायव्हरनं एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा कंडक्टरकडं, आणि बाह्या सरसावल्या.

लेवबाबांनी कुणाची तरी छत्री उचलली. छत्री खाली आली की ढोल आणि एसटी, वर गेली की जीप, गोल फिरली की गुंडप्पाचं क्लॅरिनेट. भों, पीं, भोंभों! प्रवासी खाली उतरून नाचायला लागले. मालनबाईंचे मालक मच्छिंद्र, जे स्वतःच्या लग्नातही हलले नव्हते, ते फेटा सुटेपर्यंत नाचले. मालनबाईंनी पदर खोचला आणि दोघी जावांना हाताला धरून आत ओढलं.

वरात येईना म्हणून नवरी, हर्षाली, स्वतःच मंडपातून पाहायला आली.

"मामंजी, लग्न लावायचंय का न्हाय?" ती ओरडली.

"आपल्यात मुहूर्ताची भानगड न्हाय, पोरी," मच्छिंद्र धापा टाकत म्हणाले. "ये नाचायला!" ती आलीसुद्धा.

लेवबाबा मात्र चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर बसले, घामानं निथळत, डोळे पुसत. खिशातून फोन काढून कुणाला तरी रशियनमध्ये खडसावू लागले.

"कुणावर चिडलेत गं?" मालनबाईंनी विचारलं.

श्रावस्ती हसता हसता रडत होती. "दिग्दर्शकावर. म्हणतात, संगीत तयार होतंय, रोज रोज फोन करून डोकं खाऊ नको."

परतीचं तिकीट त्यांनी पुढं ढकललं. महिनाभर विहारातली पेटी त्यांच्याच मांडीशी होती. गल्लीतली पोरं भोवती आणि मालनबाईंची न्याहारी वेळेवर. लोहाऱ्यातून निघाले तेव्हा पिच्चरचं संगीत पुरं झालं होतं, आणि मालनबाईंनी दिलेल्या डब्यात चार दिवस पुरतील एवढ्या भाकऱ्या होत्या.