एक जूनची मुलं

"बाई, हे सगळे एकाच दिवशी जन्मले का?"

ऋचाने रजिस्टरवर बोट ठेवलं होतं. हर्षदाबाई तिच्या बाकाशी वाकल्या. १९६५ सालच्या पहिलीच्या दाखल्यांचं पान होतं. एकतीस नावं, आणि त्यातल्या तेवीस जणांची जन्मतारीख एकच, एक जून.

मूसी नदीकाठच्या तेलुगू-उर्दू शहरात, बरकतपुऱ्यातल्या त्या मराठी शाळेत चौथीला अवघी अकरा मुलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की इतिहास नुसता पुस्तकातून शिकवू नका, पुस्तक हे दुय्यम साधन, नंतर कुणीतरी लिहिलेलं. मुलांना प्राथमिक साधनं दाखवा, त्या वेळच्या माणसांनी त्याच वेळी लिहिलेली. सांगणाऱ्याचं काय जातं? हर्षदाबाईंनी दोन रविवार कोठीच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खाल्ली आणि हाती लागली दहावीची गाइडं. शेवटी शाळेच्याच कपाटात हे दाखल्यांचं रजिस्टर सापडलं.

ते केशवरावांच्या हातचं होतं. केशवराव इथले जुने कारकून, आता शहाऐंशी वर्षांचे, विद्यानगरला मुलाकडे राहणारे. मोत्यासारखं अक्षर आणि कुठे खाडाखोड नाही, ही त्यांची शाळेतली ख्याती. दुसऱ्या दिवशी ते वर्गात येणार होते आणि मुलं त्यांना प्रश्न विचारणार होती.

"तेवीस लोकांचा बर्थडे सेम कसा असेल?" ऋचा म्हणाली. "मग हे झूट लिहिलंय का?"

"उद्या त्यांनाच विचारू," हर्षदाबाई बोलून गेल्या, आणि तास सुटल्यावर हे सांगायला ऑफिसात गेल्या.

मुख्याध्यापिका शोभाताईंनी ऐकल्याबरोबर मान हलवली. "नक्को हो. या वयात पोरांसमोर खाली बघायला लावायचं का त्यांना? नजरचूक झाली म्हणून सांगून टाका."

हर्षदाबाईंनाही ते पटत होतं. पण महिनाभर मुलांना 'नीट बघा, शंका आली तर विचारा' म्हणायचं आणि खरी शंका आली की गप्प बसवायचं, हे त्यांना जमेना. संध्याकाळभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

केशवराव आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून. पद्मावतीने त्यांना खुर्ची आणून दिली. साठी ओलांडलेली पद्मावती शाळेची सेविका, लहानपणी इथेच चौथीपर्यंत शिकलेली. केशवरावांनी रजिस्टर ओळखलं आणि पानावरून हात फिरवला. मुलांनी विचारलं, घंटा कोण वाजवायचं, पंखे होते का, छड्या मिळायच्या का. ते खुशीत उत्तरं देत होते.

मग ऋचा उभी राहिली. तिला 'बस खाली' म्हणता आलं असतं. हर्षदाबाईंनी तिला विचारू दिलं.

"आजोबा, एक जूनला तेवीस जण कसे जन्मले?"

केशवरावांचा हात पानावरच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही जन्मले," ते म्हणाले. "मी लिहिलं तसं."

त्यांनी रजिस्टर थोडं जवळ ओढलं.

"आया यायच्या पोराला घेऊन. तारीख विचारली की म्हणायच्या, काय की साहेब, पाऊस लागला होता. पाच पूर्ण नसले तर नाव घ्यायचं नाही, असा नियम. परत पाठवलेलं पोर पुन्हा येतंय कशाला? मग टाकून द्यायचो एक जून. खोटंच आहे ते, बेटा. तू बरोबर पकडलंस."

हर्षदाबाईंना वाटलं, शोभाताईंचं ऐकायला हवं होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

पण केशवरावांनी चष्मा सारखा केला. "आता शेऱ्याच्या रकान्यात बघा. पेन्सिलीनं लिहिलंय."

मुलांना ते आदल्या दिवशी डाग वाटले होते. रजिस्टर खिडकीच्या उजेडात नेलं. ऋचाला मराठी वाचायला वेळ लागायचा, ती अक्षर अक्षर लावत गेली. 'मूसीला पाणी आलं तेव्हा.' 'थोरल्या मामाच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी.'

"आया जे बोलल्या ते लिहून ठेवलं," केशवराव म्हणाले. "म्हटलं, कधी कुणी खरं विचारायला येईल. एकोणसाठ वर्षं झाली, तुम्हीच पहिले आलात."

दाराशी उभी असलेली पद्मावती हळूच म्हणाली, "सर, माझीपण एक जूनच आहे. बघा की जरा."

मुलांनी तिचं नाव शोधलं. ऋचाने वाचलं, "बतुकम्माची फुलं आणायच्या दिवशी."

"चार महिने कमी होते तुला," केशवराव म्हणाले. "मला माहीत होतं."

बतुकम्मा हा फुलांचा सण दसऱ्याच्या आधी येतो. नियम पाळला असता तर त्या वर्षी पद्मावतीला दारातूनच परत जावं लागलं असतं. ती मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसली. "अम्मा मला कधी बोललीच नाही," ती म्हणाली.

"मग यंदा बतुकम्माला तुमचा बर्थडे करू," ऋचाने ठरवून टाकलं.

"हौ, करू की," पद्मावती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली. हर्षदाबाईंना इतका आनंद झाला, की फळ्यावर काय लिहायचं होतं तेच त्या विसरल्या.

ऋचाने ऐकलेलं सगळं वहीत उतरवलं आणि वही केशवरावांपुढे धरली. "खाली सही करा आजोबा. तुम्ही स्वतः सांगितलं म्हणून."

केशवरावांनी ओळ न् ओळ वाचली. खिशातलं पेन काढून सही केली.

"आज तारीख काय?"

"अठरा जुलै," ऋचा म्हणाली.

त्यांनी लगेच लिहिली नाही. चष्म्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, वार जुळवला, आणि मग सहीखाली तारीख घातली.