पंप कुणी थांबवायचा

पलूसच्या सुभेदार नानासोंचं हृदय पार थकलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीत पंप बसवला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. पोटातून बाहेर आलेली वायर कमरेच्या पेटीला जोडलेली आणि पेटीला दोन बॅटऱ्या. त्या बदलायचं काम त्यांच्या बायकोचं, हरणाबाईंचं. गावातल्या नव्या डॉक्टरला एकदा नानासोंची नाडीच लागेना, तेव्हा हरणाबाई म्हणाल्या होत्या, "पंपामुळं नाडी लागत न्हाई, पण जेवाण येळेवर मागत्यात."

त्या दिवशी सांगलीला तपासणी होती. डॉक्टर प्रांजल म्हणाल्या, "काका, तब्येत चांगली आहे, म्हणूनच आज विचारते. उद्या मेंदूत रक्तस्राव झाला, शुद्धीवर यायची आशाच उरली नाही, तर पंप चालू ठेवायचा का?"

"थांबवायचा," नानासो म्हणाले. "नुसतं पडून ऱ्हायचं न्हाई मला."

हरणाबाई उठून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. नानासो मागोमाग आले.

"रागावलीस व्हय?"

"राग न्हाई. पर आवं, रोज बॅटऱ्या मी बदलते. ती येळ आली की समदी माझ्याकडंच बघतील. माझ्या हातनं त्ये व्हायचं न्हाई."

हे नानासोंच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघं परत आत गेले.

"लिवा, पंप डॉक्टरांनीच थांबवायचा," नानासो म्हणाले. "हिनं निस्तं माझ्याजवळ बसायचं."

"आधी औषध देऊ, त्रास होऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

मुलगा जयराज जम्मूला फौजेत. हा विषय निघाला की तो फोन ठेवून द्यायचा. आज हरणाबाईंनीच फोन लावला आणि सगळं सांगितलं. या वेळी त्यानं फोन ठेवला नाही.

"आई, तुला पटलंय का?"

"पटलंय."

"मग माझी बी ना न्हाई."

परतीच्या एसटीत हरणाबाईंना खिडकीशी जागा मिळाली. एरवी प्रवासभर त्यांची नजर पेटीवरच्या बॅटरीच्या दिव्यावर असायची. आज कधी डोळा लागला ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा गाडी पलूसच्या स्टँडात शिरत होती आणि डोकं नानासोंच्या खांद्यावर होतं.

"उठवायचं न्हाई व्हय?"

"लय दिसांनी झोपलीस," नानासो म्हणाले. "दिव्यावर ध्यान हुतं माझं."